शहापूर सांगलीचं, वडगाव कुरुंदवाडचं: पटवर्धन घराण्याच्या गमतीजमती

शहापुरातल्या एका शिक्षिकाताईंनी विचारलंय: "आजी नेहमी म्हणायची, आम्ही बेळगावची नव्हे, सांगली सरकारची माणसं. आता शाळेत प्रश्नमंजूषा घ्यायची आहे आणि विषय आहे 'राजघराणं'. पटवर्धनांबद्दल मुलांना गंमत वाटेल, पण खरंही असेल, असं काय सांगता येईल? आणि ते घराणं आज कुठे आहे?"

ताई, आजी अगदी बरोबर सांगत होत्या. मी आयुष्यभर हायस्कुलात इतिहास शिकवला आणि आंतरशालेय स्पर्धांचे प्रश्न काढत आलो. आपल्या मुलांना राजा म्हटलं की म्हैसूरचे वडेयार आठवतात, नाहीतर कोल्हापूरचे छत्रपती. दोन्ही घराणी मोठीच, त्यात वाद नाही. पण आपण रोज ज्या रस्त्याने बाजाराला जातो, त्या रस्त्यावर ज्यांची हद्द लागायची ते पटवर्धन मुलांना माहीतच नसतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सुरुवात आपल्या दारापासूनच करा. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. बेळगाव शहर आणि कँप कंपनी सरकारचा झाला, पण दक्षिणेला दीड मैलावरचं शहापूर सांगलीच्या पटवर्धनांकडेच राहिलं. थेट १९४८ पर्यंत. त्याच्या पलीकडचं वडगाव आणखी वेगळं, ते कुरुंदवाडच्या पटवर्धनांचं. म्हणजे आज रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांत आपण जे अंतर कापतो, त्यात तेव्हा एक ब्रिटिश मुलूख आणि दोन संस्थानं लागत. शहापूर ही सांगली संस्थानातली व्यापाराची मोठी पेठ, म्हणून संस्थानाचा तिच्यावर जीव. शहापुरातल्या चिंतामणराव शाळेचं नाव मुलं रोज वाचतात. हे चिंतामणराव कोण, हाच पहिला प्रश्न ठेवा. निम्मा वर्ग गप्प बसेल. उत्तर असं, की हे सांगलीच्या राजांचं नाव.

पण लगेच दुसरा प्रश्न येतो: कुठले चिंतामणराव? पटवर्धनांवर प्रश्न काढणारे नेमके इथेच घसरतात. हे एक राजघराणं, पण त्याची संस्थानं सहा: सांगली, मिरज थोरली पाती, मिरज धाकटी पाती, जमखंडी, कुरुंदवाड थोरली पाती आणि कुरुंदवाड धाकटी पाती. पाती म्हणजे घराण्याची वाटणीतली शाखा. मिरजेच्या धाकट्या पातीची राजधानी मिरजेत नव्हतीच, ती बुधगावला. त्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे प्रत्येक पातीत चिंतामणराव, गंगाधरराव, गोपाळराव, परशुरामराव फिरून फिरून येतात. वर घरातली हाक वेगळी: आप्पासाहेब, बाळासाहेब, तात्यासाहेब, भाऊसाहेब. म्हणून प्रश्नात नुसतं "पटवर्धन राजे" असं लिहू नका. गाव आणि साल दोन्ही घाला, नाहीतर एकाच प्रश्नाची तीन बरोबर उत्तरं येतील आणि पालक भांडायला येतील.

नावांतच एक छान गंमत दडली आहे. घराण्याचं दैवत गणपती. सांगलीच्या गादीवर आधी चिंतामणराव, मग धुंडिराजराव, त्यांच्यामागे दत्तक आले ते विनायकराव, आणि गादीवर बसताना त्यांचं नाव पुन्हा चिंतामणराव ठेवलं. चिंतामणी, धुंडिराज, विनायक, सगळी गणपतीचीच नावं. मुलांना ही नावं देऊन "यांच्यात समान काय?" असं विचारा. बेळगावच्या मुलांना, म्हणजे १९०५ पासून सार्वजनिक गणेशोत्सव करणाऱ्या गावातल्या मुलांना, हे सांगायला वेळ लागणार नाही.

आता मूळ पुरुष. हरिभट पटवर्धन रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे. तलवार नाही, जहागीर नाही. ते इचलकरंजीकर घोरपड्यांचे कुलोपाध्याय होते. गणपतीची उपासना कडक. आता मुलांना विचारा, इचलकरंजीकर घोरपडे मूळचे घोरपडे होते का? नव्हते. त्या घराण्याचे मूळ पुरुष नारो महादेव हे जोशी. संताजी घोरपड्यांनी त्यांना मुलासारखं वाढवलं, पुढे आणलं, म्हणून धन्याबद्दलच्या कृतज्ञतेने त्यांनी धन्याचंच आडनाव लावलं. पुढे या नारोपंतांच्या मुलाचं, व्यंकटरावांचं लग्न बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी अनुबाई यांच्याशी झालं. यजमान पेशव्यांचे जावई झाले, आणि उपाध्यायांच्या मुलांना पुण्याची वाट मोकळी झाली. गोविंद हरी, रामचंद्र हरी, त्रिंबक हरी असे हरिभटांचे तीन मुलगे पेशव्यांच्या फौजेत नाव काढते झाले. भिक्षुकाच्या घरातून दोन पिढ्यांत सरदार निघाले. थोरले माधवराव पेशवे यांनी त्यांना मिरजेचा मोठा सरंजाम, म्हणजे फौज ठेवण्यासाठी मुलूख दिला, तो मुख्यतः दक्षिणेत हैदर अलीला अडवण्यासाठी. कृष्णेपासून तुंगभद्रेपर्यंतचा आपला सगळा भाग या घराण्याच्या घोड्यांनी तुडवलेला आहे. म्हणूनच त्यांची गावं नकाशावर अशी विखुरलेली दिसतात: मिरज, सांगली तिकडे, आणि गदगजवळ शिरहट्टी सांगलीचं, लक्ष्मेश्वर मिरजेचं, हुबळीजवळचं कुंदगोळ जमखंडीचं. तेरदाळ आणि रबकवीही सांगलीचीच. खुद्द नवी हुबळी १८२० पर्यंत सांगलीकरांकडे होती, हे सांगितलं की हुबळीचे पाहुणे चमकून बघतात.

या घराण्यातला सगळ्यात नावाजलेला सेनापती म्हणजे परशुरामभाऊ, रामचंद्र हरींचा मुलगा, तासगावचे. टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत धारवाडच्या किल्ल्याला १७९० च्या सप्टेंबरात वेढा घालून ते बसले, आणि किल्ला हाती आला १७९१ च्या एप्रिलात. इंग्रजांची पलटण सोबत होती, तरी सहा महिन्यांच्या वर लागले. मुलांना हे पाठ असायची गरज नाही, पण भाऊंचा शेवट कुठे झाला हे आपल्याला माहीत असायलाच हवं. १७९९ मध्ये कोल्हापूरकरांशी झालेल्या लढाईत ते पडले, आणि ती लढाई झाली पट्टणकुडीला. निपाणी-चिक्कोडी भागातलं आपलंच पट्टणकुडी! त्या बाजूची मुलं तुमच्या वर्गात असतील तर हा प्रश्न त्यांच्यासाठी राखून ठेवा.

भाऊंची एक सुंदर खूण तासगावात उभी आहे. तिथल्या गणपती मंदिराला सात मजली गोपुर आहे, अगदी दक्षिणेकडच्या मंदिरांसारखं. महाराष्ट्रात असं गोपुर सहसा दिसत नाही. दक्षिणेत मोहिमा करताना त्यांनी ही मंदिरं पाहिली, मनात भरली, आणि गावी तशी बांधून घेतली. भाद्रपदात ऋषिपंचमीला तिथे गणपतीचा रथ निघतो आणि माणसं तो दोरांनी ओढतात. सांगलीत आणखी एक गोड प्रथा: चोर गणपती. सगळ्या जगाचा गणपती चतुर्थीला वाजतगाजत येतो, पण सांगलीच्या गणपती मंदिरात कागदाच्या लगद्याची एक मूर्ती चतुर्थीच्या आधीच, काही गाजावाजा न करता, गुपचूप बसते. म्हणून चोर गणपती. लहान मुलांच्या गटाला हा प्रश्न सगळ्यात जास्त आवडतो, हे मी खात्रीने सांगतो.

आता थोरले चिंतामणराव आप्पासाहेब. माझा सगळ्यात आवडता माणूस हाच, म्हणून थोडा रेंगाळतो. वडील पांडुरंगराव हैदरच्या कैदेत वारले. चिंतामणराव लहान वयातच धनी झाले आणि कारभार काका गंगाधररावांकडे. मोठे झाल्यावर काका-पुतण्यात बिनसलं, जसं सगळ्या घरांत बिनसतं. मिरजेचा किल्ला काकांकडे राहिला. चिंतामणराव बाहेर पडले आणि कृष्णाकाठच्या सांगली नावाच्या गावात त्यांनी राजधानी वसवली. ही शतक पालटतानाची, १८०० च्या आगेमागेची गोष्ट. घरातली गणपतीची मूर्तीही त्यांनी मिरजेहून सोबत नेली, असं सांगतात. म्हणजे आजचं सांगली शहर हे एका वाटणीतून उभं राहिलेलं आहे.

पेशवाई बुडाल्यावर कंपनीने या सरदारांना सांगितलं, आता आमच्यासाठी फौज ठेवा. चिंतामणरावांना परक्यांची चाकरी मान्य नव्हती. चाकरी नको, त्याबदल्यात मुलूख घ्या, असं ठरलं आणि वर्षाला १,३५,००० रुपये उत्पन्नाचा प्रदेश त्यांनी सोडून दिला. नवी हुबळी गेली ती याच हिशेबात. एवढा मानी माणूस. आणि गंमत पाहा, त्याच कंपनीने १८४६ मध्ये त्यांच्या थोर स्वभावाचा आदर म्हणून त्यांना एक तलवार भेट दिली. मोठ्या मुलांना यावर दोन ओळी लिहायला सांगा, नुसतं उत्तर नको.

याच चिंतामणरावांनी मराठी माणसाला दिलेली देणगी तलवारीपेक्षा मोठी आहे, आणि तिचा उगम कर्नाटकात आहे. १८४२ मध्ये उत्तर कानड्याकडची भागवत मंडळी सांगलीला खेळ करायला आली. यक्षगानाच्या वळणाचे पौराणिक खेळ. राजांना ते आवडले, आणि आपल्या मराठीतही असं काही व्हावं असं त्यांच्या मनात आलं. दरबारातल्या एका नोकरदाराचा मुलगा होता, विष्णू अमृत भावे. त्याच्यावर त्यांनी हे काम सोपवलं. १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' झालं, आणि ५ नोव्हेंबर हा दिवस आजही मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतात. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, दरबारचा आधार सुटला, तेव्हा विष्णुदास भावे नाटक घेऊन गावोगाव निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईला पोचले. राजाश्रय गेला म्हणून मराठी नाटक तिकिटाच्या पैशावर उभं राहिलं. सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट जास्त जवळची वाटायला हवी: कानडी खेळ पाहून एका मराठी राजाला मराठी नाटकाचा ध्यास लागला. भाषेवरून कुणी ताणायला लागलं की मी हीच गोष्ट सांगतो.

गाण्याचंही असंच आहे. कागदावर या गावांभोवती एक रेघ ओढून बघा. विष्णू दिगंबर पलुसकर १८७२ मध्ये कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्याने डोळे गेले, तेव्हा उपचारांसाठी मिरजेला आणलं, आणि तिथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचं गाणं सुरू झालं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे. आणि कुंदगोळ कुणाचं? जमखंडीचं, वर सांगितलंच आहे. म्हणजे कुरुंदवाड, मिरज, जमखंडी अशी तिन्ही पटवर्धनांचीच संस्थानं यात येतात. मिरजेच्या बाळासाहेबांसारखे राजे स्वतः कानसेन होते. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी, त्यामुळे साखळी आपल्या काळापर्यंत येते. संगीताच्या बाईंना सोबत घेतलंत तर या भागावर एक आख्खी फेरी होईल.

जमखंडीबद्दल दोनच गोष्टी, पण दोन्ही ठसठशीत. पुण्याचं स. प. महाविद्यालय, म्हणजे सर परशुरामभाऊ महाविद्यालय. हे परशुरामभाऊ तासगावचे सेनापती नव्हेत, इथे हमखास चूक होते. हे जमखंडीचे राजे. १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज म्हणून निघालेल्या कॉलेजला जमखंडी संस्थानाने दोन लाख रुपये दिले, तेव्हा हे नाव मिळालं. आपल्या बाजूची किती मुलं पुण्याला स. प.मध्ये शिकायला जातात, आणि आपल्याच जिल्ह्याशेजारच्या राजाच्या नावाखाली बसतात हे त्यांना ठाऊक नसतं. दुसरी गोष्ट बी. डी. जत्तींची. जमखंडीजवळच्या सावळगीचे. ते आधी याच संस्थानात मंत्री आणि दिवाण, मग म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री, मग उपराष्ट्रपती, आणि १९७७ मध्ये काही महिने देशाचे हंगामी राष्ट्रपती. एका छोट्या संस्थानाचा दिवाण राष्ट्रपती भवनात जाऊन बसला. असा प्रश्न स्पर्धेच्या शेवटच्या फेरीला शोभतो.

मानपानाची एक गंमतही घ्या. इंग्रजांच्या काळात राजाचा मान तोफांच्या सलामीवर मोजत. या सहा संस्थानांपैकी सलामी फक्त सांगलीला, ९ तोफांची. बाकी पाचांना एकही नाही. आणि पटवर्धनांच्या काही पाती त्याआधीच संपल्या होत्या: वारस नाही म्हणून तासगाव १८४८ मध्ये खालसा झालं, शेडबाळ १८५७ मध्ये. शेडबाळ म्हणजे आपल्या कागवाडजवळचं. तिथेही एकेकाळी पटवर्धनांची स्वतंत्र पाती होती, हे आता बाहेरच्या फार कमी लोकांना माहीत आहे.

आता तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग, घराणं आज कुठे आहे. संस्थानं ८ मार्च १९४८ ला मुंबई राज्यात विलीन झाली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत त्यांचे तुकडे दोन राज्यांत गेले: सांगली, मिरज, कुरुंदवाड पुढे महाराष्ट्रात, आणि शहापूर, जमखंडी, शिरहट्टी, लक्ष्मेश्वर कर्नाटकात. तनखे १९७१ मध्ये बंद झाले आणि कायद्याने राजेपण संपलं. घराण्याच्या शाखा मात्र आहेत, सांगलीचं गणपती पंचायतन संस्थान आहे, उत्सव आहेत. आणि मुलांच्या आयांना एकदम ओळखीचं वाटेल असं एक नाव आहे: १९८९ मध्ये एका हिंदी चित्रपटाने घरोघरी पोचलेली अभिनेत्री भाग्यश्री. ती सांगलीच्या विजयसिंहराव पटवर्धनांची मुलगी. शाळेत पालकांची फेरी ठेवलीत तर हा प्रश्न तिथे टाका, मुलांपेक्षा आयाच जोरात हात वर करतील.

एक फसवा प्रश्नही ठेवाच. बेळगावात राजांच्या नावाची शिक्षणसंस्था दिसली की ती पटवर्धनांची, असं कुणी समजू नये. टिळकवाडीतलं राणी पार्वतीदेवी कॉलेज सावंतवाडीच्या राणीसाहेबांच्या नावाचं. राजा लखमगौडा लॉ कॉलेज वंटमुरीच्या सरदेसाईंच्या नावाचं, आणि हिडकल धरणालाही त्यांचंच नाव. लिंगराज कॉलेज शिरसंगीच्या देसाईंच्या नावाचं, ज्यांनी आपली इस्टेट समाजाच्या शिक्षणासाठी देऊन टाकली. डावीकडे चार नावं, उजवीकडे सांगली, सावंतवाडी, वंटमुरी, शिरसंगी, आणि जोड्या लावा. आठवीच्या पुढच्या मुलांना हे जमायला हवं.

एक काम मुलांना घरी द्या. शहापूर-वडगावातल्या जुन्या घरांत माळ्यावर, ट्रंकेत खरेदीखतं आणि वाटणीपत्रं असतात. १९४८ च्या आधीचा कागद असेल तर त्यावर बहुधा संस्थानाचा स्टँप दिसतो. मुलांनी घरच्यांना विचारून तो फक्त बघावा आणि संस्थानाचं नाव वहीत लिहून आणावं. कागदाची घडी फार जुनी असेल तर उलगडायची घाई नको, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, कागद कायमचा खराब होतो. मोडीतला मजकूर वाचायचा असेल तर मोबाइलवर सरळ उजेडात फोटो काढून पाठवा, मी वाचून देईन.